‘छान आहे, बाई’च्या पुढे

आदरणीय सर,
सादर नमस्कार. मी घणसोलीजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. आमचे चित्रकलेचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि यंदा चित्रकलेचे तास माझ्या वेळापत्रकात येऊन पडले. मला स्वतःला धड चित्र काढता येत नाही. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘काढायला नाही तर निदान बघायला तरी शिकवा.’ पन्नासेक मुलांना मुंबईच्या संग्रहालयात न्यायचं तर बसचा खर्च कोण देणार? शाळेसमोरचा रस्ता ओलांडला की रंगवलेली लांबलचक कुंपणभिंत आहे. आधी फ्लेमिंगो, मग वारली नाच, मग झाडू घेतलेली मुलगी आणि तिच्या डोक्यावर स्वच्छतेचं घोषवाक्य. मुलांना घेऊन एकदा तिथे गेले. चित्र कसं वाटतं, विचारलं. सगळे एका सुरात, ‘छान आहे, बाई.’ का छान? ‘रंग छान आहेत.’ पाच मिनिटांत विषय संपला आणि मुलं समोरच्या वडापावच्या गाडीकडे बघायला लागली. वर स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, ‘ही काय कला आहे? कंत्राटी पेंटरचं काम. त्यापेक्षा प्रोजेक्टरवर रविवर्मा दाखवा.’ सर, असल्या भिंतीवर कलास्वाद शिकवता येतो का? आणि ज्याला चित्र काढता येत नाही त्याने तो शिकवावा का? शेवटी कृती म्हणून शाळेचीही भिंत मुलांकडून रंगवून घ्यावी, असा मुख्याध्यापिकाबाईंचा विचार आहे.
आपली,
एक शिक्षिका, घणसोली

बाई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. शिकवावा, बेलाशक शिकवावा. तुम्ही कविता करत असाल असं पत्रावरून वाटत नाही, तरी वर्गात कवितेचं रसग्रहण शिकवताच ना? आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हे बोर्डाचं त्रिकूट तुम्हाला झोपेतही पाठ असेल. चित्र बघायला शिकवणं हे त्याच घराण्यातलं काम. उलट चित्र काढता येणाऱ्या शिक्षकाला इथे एक खोड आडवी येते. भिंतीपुढे उभा राहिला की तो चुका दाखवत सुटतो: प्रमाण गेलं, छाया उलट्या बाजूला पडली, बोटं सहा झाली. मुलं गप्प होतात. तुम्हाला ती खोड नाही, हा तुमचा फायदाच आहे.

मात्र मराठीच्या शिक्षकांची खोड वेगळी, आणि तिची भीती मला जास्त वाटते. ‘कवीने अत्यंत साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत…’ हे गाईडमधलं वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, आणि मुलांना ते पक्कं माहीत असतं. उद्या भिंतीसमोर तुमच्या तोंडून ‘चित्रकाराने आकर्षक रंगसंगतीतून पर्यावरणाचा संदेश दिला आहे’ असं एक वाक्य निसटलं, की तेच वाक्य पन्नास वह्यांत उतरेल आणि भिंतीकडे परत कोणी बघणार नाही. म्हणून माझी एकच अट आहे. चित्राचा अर्थ तुम्ही सांगायचा नाही. मुलांनी तुमच्याकडे कितीही आशेने बघितलं तरी नाही.

आता सहकाऱ्यांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एवढंच सांगा. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, त्याने हे लेणं करवून घेतलं, अशी त्यात नोंद आहे. करवून घेणाऱ्याचं नाव दीड हजार वर्षं टिकलं. आत भिंतींवर ज्यांनी रंग भरला त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. तुमच्या भिंतीचा खालचा कोपरा बघा. ‘सौजन्य’ म्हणून कोणाचं तरी नाव असलंच तर ते ठळक असेल आणि रंगवणाऱ्याचं बहुधा नसेल. पद्धत जुनी आहे. सांगून करवून घेतलेलं, पैसे मोजून करवून घेतलेलं काम कला नसतं असं म्हटलं तर निम्मा कलेचा इतिहास फळ्यावरून पुसावा लागेल. आणि भिंतीसमोर बसून शिकण्याबद्दल म्हणाल, तर १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षं जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याची चित्रं उतरवून घेत होते. आपल्याकडच्या कलाशिक्षणात ही रीत चांगली दीडशे वर्षांची आहे.

तुमची भिंत अजिंठा नाही, हे मलाही कळतं. पण सहकाऱ्यांच्या प्रोजेक्टरवर माझा एक आक्षेप आहे. पडद्यावर रविवर्म्याची दमयंती आणि टपालाचं तिकीट एकाच मापाची दिसतात. भिंतीसमोर मूल उभं राहतं तेव्हा फ्लेमिंगोची मान त्याच्या डोक्याच्या वर जाते, आणि पूर्ण चित्र डोळ्यांत मावायला त्याला मागे सरकावं लागतं. भित्तिचित्राचा पहिला गुण त्याचं माप. तो फोटोत येत नाही.

तेव्हा पहिला तास मापाचाच करा. आधी अगदी जवळ, भिंतीपासून हातभर अंतरावर. तिथून फ्लेमिंगो दिसणारच नाही. गुलाबी रंगाचे पट्टे, ब्रशचे ओघळ, प्लास्टरच्या भेगा दिसतील. नशीब असेल तर रंगाखालून डोकावणारी खडूची किंवा पेन्सिलीची रेघही. विचारा, ही रेघ कशासाठी मारली असेल? लहान कागदावरचं चित्र मोठ्या भिंतीवर न्यायचं तर कागदावर चौकटी आखतात, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून आखतात आणि एकेक चौकट उतरवत जातात. आजकाल रात्री प्रोजेक्टर लावूनही बाह्यरेषा काढतात, पण चौकटींची पद्धत अजून सर्रास चालते. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेलं एखादं मूल ही गोष्ट तुमच्याआधी ओळखेल. ओळखू द्या. मग दहा-बारा पावलं मागे. मग शक्य असेल तर रस्त्याच्या पलीकडून. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच: आता काय दिसलं, जे मघाशी दिसत नव्हतं? काय दिसेनासं झालं? हे चित्र चालत्या माणसासाठी काढलंय की रिक्षात बसलेल्यासाठी, यावर नववीची मुलं कडाक्याने भांडतील. भांडू द्या, रस्त्याच्या अलीकडे.

‘छान आहे’ हे उत्तर आलं त्यात मुलांची चूक नाही. तुम्ही ‘कसं वाटतं’ विचारलंत, त्यांनी वाटलं ते सांगितलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी मिळून चित्र बघण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात प्रश्न तीनच. या चित्रात काय चाललंय? तुला काय दिसलं म्हणून असं म्हणतोस? आणखी काय सापडतंय? दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याकडे एकाच शब्दाची सोय आहे: कशावरून? आजी विचारते, पोलीस विचारतात, तुम्ही गृहपाठ तपासताना विचारता. फक्त सूर तपासणीचा नको, उत्सुकतेचा हवा.

म्हणजे समजा एक मुलगा म्हणाला, ‘पक्षी झोपलाय.’ कशावरून? ‘एक पाय वर घेतलाय.’ तुम्ही त्या पायाकडे बोट दाखवा आणि त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत पुन्हा सांगा: हा पोटाशी घेतलेला पाय बघून याला वाटतंय की पक्षी विश्रांती घेतोय. बरोबर म्हणू नका, चूकही म्हणू नका. लगेच मागून कोणीतरी म्हणेल, ‘पण डोळा उघडा आहे.’ झालं, तुमचा तास सुरू झाला. मधे शांतता पडली तर घाबरून भरू नका. माझा अनुभव असा, की पहिल्या शांततेनंतर जे मूल बोलतं ते वर्गात सहसा न बोलणारं असतं.

फ्लेमिंगोंच्या भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या गावात त्या जागोजागी आहेत. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आणि नवी मुंबईने गुलाबी रंग मनावरच घेतला. मुलांना पक्ष्याचं मराठी नावही सांगा, रोहित. प्रत्येक वर्गात एक रोहित असतो, तो दिवसभर मान ताठ करून फिरेल. भिंतीवरचा पक्षी आणि खाडीतला पक्षी शेजारी ठेवले की पुष्कळ सापडतं. खाडीत दोन जाती येतात. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. छोट्या रोहिताची गडद. भिंतीवरचा कुठला? अनेकदा दोन्ही नव्हे, तिसराच कुठलातरी. पाय मागच्या बाजूला दुमडलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. चित्रकाराने तो सांधा कुठे दाखवलाय? पक्षी खाताना डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. भिंतीवर एक तरी पक्षी खाताना दाखवलाय का, की सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे?

इथे जपून. हा विज्ञानाचा तास नाही. ‘चित्रकाराचं चुकलं’ एवढ्यावर मुलं थांबली तर गाईडच्या जागी आपण तपासनीस बसवला, दुसरं काही नाही. पुढचा प्रश्न महत्त्वाचा. ओहोटीला आपल्या खाडीत पाणी कुठे असतं? नजर जाईल तिथवर करडा चिखल, त्यात गुलाबी ठिपके, मागे विजेचे मनोरे. भिंतीवर मात्र स्वच्छ निळं पाणी, कमळं, आणि बहुतेक वेळा मावळता सूर्य. चित्रकाराने चिखल का काढला नसेल? गुलाबीच्या मागे करडा लावला असता तर काय झालं असतं? एखादी मुलगी म्हणेल, ‘गुलाबी जास्त उठून दिसला असता.’ दुसरी म्हणेल, ‘भिंत घाण दिसली असती, आणि ही भिंत तर स्वच्छतेची आहे.’ दोघींनी निवडीवर बोट ठेवलं. चित्रात जे आहे ते कोणीतरी निवडलंय आणि काहीतरी गाळलंय, हे मुलाला एकदा स्वतःहून सापडलं की पुढे कुठल्याही चित्रासमोर ते उपयोगी पडतं. खडू-कागद देऊन तोच पक्षी निळ्यावर आणि करड्यावर असा दोनदा करायला सांगा. चित्र न येणाऱ्या शिक्षिकेलाही हे सहज जमेल.

पुढची वारली नाचाची भिंत. ही भिंत तुम्हाला वाटते त्यापेक्षा अवघड आहे आणि जास्त मोलाचीही. ठाणे जिल्ह्याच्या माणसाला वारली चित्रं आपल्या घरची वाटतात, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरी आपल्याच जिल्ह्यात होते. पण सोसायटीच्या गेटवर, हॉटेलच्या मेनूकार्डावर, बेडशीटवर जे दिसतं त्यामागचं मूळ मुलांना सहसा माहीत नसतं. मुळात हे लग्नघरचं काम. शेणामातीने सारवलेल्या, गेरूने लाल केलेल्या झोपडीच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाचं पांढरं, चावून मऊ केलेली बांबूची काडी. सवाशिणी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, मधोमध पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. सत्तरच्या दशकात हीच चित्रं कागदावर आली, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी ती लग्नापुरती न ठेवता रोजच्या आयुष्याची केली: मासेमारी, शेती, मुंग्या, गोष्टी. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. बायकांच्या हातातली कला पुरुषांच्या नावाने जगभर गेली, हेही मुलींच्या लक्षात येईल. आलं तर टाळू नका.

हे सगळं तुम्ही सांगायचं, पण बघणं झाल्यावर. आधी भिंत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस कसा होतो, आणि तरी तो पळतोय, वाकलाय, दमलाय हे कशावरून कळतं? सगळ्या आकृत्या सारख्याच, मग बाई कुठली, पुरुष कुठला? तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा कुठे उभा आहे? नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वेटोळं घेते. बोट लावून शेवटच्या नाचणाऱ्यापासून तारप्यापर्यंत जायला सांगा. मग विचारा, जमीन कुठे आहे? मूळ वारली चित्रात आकाश-जमिनीची रेघ शोधूनही सापडत नाही. नाच वरून बघावा तसा, झाड बाजूने बघावं तसं, दोन्ही एकाच भिंतीवर. तुमच्या भिंतीवर मात्र पेंटरने खाली हिरवी पट्टी आणि मागे नारिंगी सूर्य टाकला असण्याची दाट शक्यता आहे. त्या पट्टीने नाचाचं काय झालं? तळहाताने ती झाकून बघा. जिव्या सोमांच्या एखाद्या चित्राची छापील प्रत शेजारी धरून बघा. मला विचाराल तर अशा भिंतीवर वारलीचा साचा येतो, वारली येत नाही. पण हे माझं मत झालं, आणि ते मुलांना आधी कळायला नको. वर्गात कोणी वारली किंवा इतर आदिवासी घरातलं मूल असेल तर त्याला ‘तुमच्याकडे कसं असतं ते सांग’ म्हणून उभं करू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगेल.

झाडूवाल्या मुलीच्या भिंतीला एकच चाचणी पुरे. घोषवाक्य झाकल्याची कल्पना करा, किंवा फोटोत त्यावर कागद ठेवा. चित्र अजून काही बोलतं का? मेक्सिकोत १९२० नंतर शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती मोकळ्या करून दिल्या, आणि दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्याच भिंती रंगवल्या. देशातल्या कितीतरी लोकांना तेव्हा वाचता येत नव्हतं, तेव्हा चित्रालाच बोलावं लागे. आपल्याकडे अक्षर आधी लिहितात आणि उरलेल्या जागेत चित्र बसवतात. एखाद्या हुशार मुलाला इथे उलटी बाजू सापडेल: अक्षर हेही चित्रच की, ते नीट काढलंय का? एलिमेंटरीच्या अक्षरलेखनाचा पेपर दिलेली मुलं यावर अधिकारवाणीने बोलतील.

भिंतीच्या हालांकडेही बघा. एका पावसाळ्यानंतर खालच्या फूट-दोन फुटांत ओल चढते, लोणा येतो, पोपडे सुटतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर गुलाबी आणि लाल आधी विटतात, गेरूच्या जातीचे मातकट रंग तगून राहतात. शिवाय पिचकाऱ्या, ‘रूम भाड्याने’चे कागद, भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. संग्रहालयातल्या चित्राला हे भोग नाहीत. कुठल्या चित्रावर लोक थुंकतात आणि कुठल्यावर थुंकत नाहीत, याची नोंद मुलांना ठेवायला सांगा. देवादिकांची टाइल लावलेला कोपरा वगळून, त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

पन्नास मुलं एकदम नेऊ नका. फुटपाथवर पंचवीसच्या वर मावत नाहीत आणि मागच्या रांगेला ऐकू जात नाही. दोन तुकड्या करा, एक तुकडी शाळेत मागे ठेवा. तिला वेगळं काम आहे: स्मरणचित्र. रोज त्या भिंतीवरून येणाऱ्या मुलांनी भिंत न बघता, आठवून ती कागदावर काढायची. फ्लेमिंगो किती, कोणत्या दिशेला तोंड, नाचणाऱ्यांच्या मागे काय. मग दुसऱ्या दिवशी कागद घेऊन भिंतीसमोर जायचं. रोज दिसणाऱ्या गोष्टीतलं आपण किती बघतो, हे त्या कागदावरून त्यांना न सांगता कळतं. एखादी गोष्ट झाडून सगळ्यांना आठवली असेल तर चित्रकाराने ती कुठे ठेवली होती हे बघा. रचना शिकवायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

बाहेर जायची परवानगी मिळालीच नाही तर मैदान आहे. भिंतीच्या फोटोवर चौकटी आखा, मैदानात खडूने तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि एक फ्लेमिंगो पूर्ण मापाने उतरवा. त्याचा पायच मुलांच्या उंचीएवढा निघेल तेव्हा गच्चीवरून बघायला सगळी शाळा जमा होईल.

वहीत निबंध लिहून घेऊ नका. एक पान, तीन गोष्टी. मला दिसलेली पण शेजाऱ्याला न दिसलेली एक गोष्ट. चित्रकार भेटला तर विचारीन असा एक प्रश्न. आणि मी बदललं असतं ते एक, कारणासकट. चांगलं-वाईट हे मत या पानाच्या तळाशी, सगळ्यात शेवटी. ‘रंग छान आहेत’ला मार्क नाहीत, ‘गुलाबीशेजारचा हिरवा डोळ्यांना टोचतो’ला आहेत.

राहिली शाळेची भिंत. मुख्याध्यापिकाबाईंचा उत्साह मोडू नका, पण यंदा थांबवा. बघणं नीट होण्याआधी रंगवायला घेतलं तर शाळेच्या भिंतीवर पुन्हा निळं पाणी, मावळता सूर्य आणि घोषवाक्यच येईल. आणि रंगवण्याआधी एक वाद वर्गात घडवून आणा: भिंत कोणाची, चित्र कोणाचं? दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं काशाचं प्रचंड भित्तिशिल्प होतं. सरकारनेच ते करवून घेतलं होतं. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करायला लावले आणि नुकसानभरपाईही द्यायला लावली. वस्तू विकत घेतली तरी कलाकाराचा तिच्यावरचा नैतिक हक्क संपत नाही, असा त्याचा मथितार्थ. आता तुमच्यासमोरच्या भिंतीवर पुढच्या वर्षी नवं घोषवाक्य आलं आणि फ्लेमिंगोंवर पांढरा हात फिरला तर? पेंटरला विचारायला हवं का? रोज बघणाऱ्या मुलांना? नववीची मुलं यावर दोन तास सहज काढतील. तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, तेव्हा वादाचं रूपांतर महापालिकेला लिहायच्या औपचारिक पत्रात करून घ्या. पत्रलेखनाचा घटकही त्यात उरकतो.

वेळेचं म्हणाल तर सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी जाऊ द्या. पावसाने भिंतीचं काय केलं तेही तोवर दिसेल, आणि पावसाळ्यानंतर खाडीत रोहित यायला लागलेले असतील. ऐरोलीला खाडीकाठी वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. घणसोलीहून ते लांब नाही आणि मुंबईच्या बसइतका खर्चही येणार नाही. भिंत आधी, खाडी नंतर, असाच क्रम ठेवा. बोटीची फेरी भरती-ओहोटी बघून सुटते, तेव्हा तारीख ठरवण्याआधी केंद्रात विचारून घ्या. भिंतीला सकाळच्या शाळेतला पहिला किंवा दुसरा तास धरा, ऊन डोळ्यांवर येत नाही. पालकांच्या परवानगीच्या चिठ्ठ्या आठवडाभर आधी वाटा, रस्ता ओलांडताना एक शिपाई पुढे आणि एक मागे राहू द्या. वडापावच्या गाडीकडे मुलांची पाठ येईल असं त्यांना उभं करा.